कुलूपमामा आणि बोलक्याचं लटांबर

"आधी सांग, तुझ्यासोबत कोण कोण येणार?"

कुलूपमामांच्या तोंडात हे वाक्य इतकं बसलेलं होतं की गाढ झोपेतून हलवून उठवलं तरी ते आधी हेच विचारतील, असं मामी म्हणायच्या. लेकीला मागणी घालायला आलेल्या मुलाला पाण्याचा पेला पुढे करतानाही त्यांनी हेच विचारलं होतं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "आई आहे, आणि एक मांजर आहे." मामांनी आईबद्दल चकार शब्द काढला नाही, मांजराची मात्र उलटतपासणी घेतली. लग्न झालं, लेक दूरच्या गावी नांदायला गेली, सुखात आहे. पण ते मांजर आपल्याला अजून पटलेलं नाही, असं मामा आजही सांगतात.

खरं म्हणजे तो प्रश्न माणसांसाठी नव्हताच. तो होता पॅकेजांसाठी.

मामा ब्रेलच्या छापखान्यात कामाला होते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांची पुस्तकं तिथे छापली जात. शाईचा थेंब नाही. जाड कागदावर उठावाचे ठिपके, ते बोटांनी वाचायचे. पहिल्या खोलीत कागदाचे गठ्ठे आढ्यापर्यंत रचलेले. दुसऱ्या खोलीत संगणक आणि ठिपके ठोकणारं अवजड यंत्र, त्याला सगळे ठोक्या म्हणत. आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडे वाचनाची खोली. तिथे मामी बसायच्या. मामींना जन्मापासून दिसत नव्हतं. ठोक्यातून निघालेलं प्रत्येक पान आधी त्यांच्या बोटांखालून जायचं आणि मगच बाहेर पडायचं. चूक सापडली की त्या टेबलावर टिचकी मारायच्या, आणि पार्टिशनपलीकडे मामांचा जीव खालीवर व्हायचा. अशा टिचक्या मारता मारताच दोघांचं जमलं, असं जुने लोक सांगत.

छापखान्यातला संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. त्यात नवा प्रोग्राम घालायचा तर तो गाठोडं बांधून आल्यासारखा येतो, त्यालाच पॅकेज म्हणायचं. पण गाठोडं कधी एकटं येत नाही. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याचं तिसऱ्यावाचून अडतं. तुम्ही मागता एक, आणि यंत्र अदबीने विचारतं, याच्यासोबत ही ही मंडळीसुद्धा येतील, घेऊ ना आत? जगातली शहाणी माणसं न वाचता हो म्हणून मोकळी होतात. मामा मोकळे होत नसत. ते पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. "हा कोण? याचं इथं काय काम? आणि हा घरात असताना याचा धाकटा भाऊ कशाला?" त्या सगळ्या सोबत्यांना मामा लटांबर म्हणत. एकदा आत घेतलेलं आणि नीट चालणारं पॅकेज पुढे कुणी बदलू नये म्हणून ते यंत्राला सांगून त्याला जागच्या जागी कुलूप घालून टाकत. त्यावरूनच त्यांचं नाव कुलूपमामा पडलं. खरं नाव त्यांच्या स्वतःच्याही लक्षात होतं की नाही, कोण जाणे.

संशयाला त्यांच्या सीमा नव्हती. मजकुराचे ठिपके करणारा मुख्य प्रोग्राम तर त्यांनी तयार पॅकेज म्हणून घेतलाच नव्हता. त्याचा मूळ कोड आणून, कित्येक रविवार घालवून, तो त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला आणि स्वतःच्या हाताने बसवला. "परक्याने बांधलेलं गाठोडं मी मुख्य दारातून घेणार नाही," असं म्हणाले होते. त्याला सगळे मामांचा ठिपक्या म्हणत, आणि मामांना ते मनातून फार आवडे.

आणि पासवर्ड! काही आत घ्यायचं वा बाहेर काढायचं तर पासवर्ड लागे, आणि तो एकट्या मामांच्या बोटांना ठाऊक होता. तो टाकताना ते डावा तळहात कीबोर्डवर आडवा धरत. मामी शेजारी उभ्या असल्या तरी धरत.

"अहो, मला दिसत नाही," मामी म्हणायच्या.

"तुझ्यासाठी नाही गं. हाताची सवय मोडू नये म्हणून."

मामींना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मामांच्या पासवर्डाची एक चाल होती. दोन बोटं चाचपडत निघायची, मध्ये थबकायची, मग भरभर पळायची आणि शेवटी एंटरच्या बटणावर अंगठ्याचा दणका. त्यानंतर बराच वेळ पुटपुटणं, ते लटांबर वाचून होईपर्यंत. आणि मग दुसरा दणका, म्हणजे 'हो'. ती चाल मामींना स्वतःच्या श्वासासारखी पाठ होती. हे मात्र त्यांनी मामांना कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याजवळ एक गुपित असेल तर बायकोजवळही एखादं असावं, एवढाच त्यात हिशेब.

मग दाढीवाला आला.

साहेबांनी, म्हणजे छापखान्याच्या प्रमुखांनी, मामांच्या हाताखाली म्हणून त्याला घेतलं. आधी काही महिने काम बघायचं आणि मग पक्कं करायचं, असं ठरलं. तिशी उलटलेला, हसऱ्या आवाजाचा, काम करता करता शीळ घालणारा गडी. मामांनी त्याला दारातच अडवून विचारलं, "सोबत कोण कोण आलंय?"

"आई आलीय," तो म्हणाला. "तिचं तिकडचं सगळं मोडून इथं आणलंय. बेकरीच्या मागे दोन खोल्या घेतल्यात."

"अजून?"

"अजून कोण असणार, मामा?"

"ते तुलाच ठाऊक," मामा म्हणाले, आणि शीळ घालणारा माणूस आतून काहीतरी लपवत असतो, असं संध्याकाळी त्यांनी मामींना बजावून सांगितलं.

दाढीवाल्याने येऊन पहिलं काम केलं ते मामींसाठी. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा जो जुना प्रोग्राम होता, त्याचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. त्याच्या जागी दाढीवाल्याला नवा बसवायचा होता. मामांनी त्या नव्याच्या लटांबराची सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत झडती घेतली आणि नाइलाजाने, हात आडवा धरून, पासवर्ड टाकला. जुना आवाज गेला, नवा आला. मऊ, घोटीव, पुरुषी आवाज. स्वल्पविरामाला थांबायचा, प्रश्नचिन्हाला किंचित वर चढायचा. मामींनी त्याला बोलक्या नाव दिलं.

"किती अदबीने बोलतो हो!" त्या म्हणाल्या. "घरी नेता येईल का?"

बस्स. त्या दिवसापासून मामांचं बिनसलं. बोलक्या बोलू लागला की ते पार्टिशनला पाठ लावून उभे राहत. "हा तुझं बोलणं ऐकत असणार," असं एकदा म्हणालेही.

"त्याला तोंड आहे, कान नाहीत."

"तोंड असलेल्याला कान असतातच."

मामी खूप हसल्या, मामा अजिबात हसले नाहीत.

असे दिवस चालले होते. शाळा उघडण्याच्या आधी पाठवायची पुस्तकं ठोक्यावर चढलेली, काम अगदी गळ्याशी आलेलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या अंगणात गेले. मामींचं जेवण लवकर आटोपलं, म्हणून त्या काठी टेकत परत निघाल्या. कागदाच्या खोलीत पोचल्या आणि थांबल्या. पुढच्या खोलीतून ती चाल ऐकू आली. चाचपडणं, थबकणं, पळणं, दणका. मामींनी काठी पुढे टाकली. काठी फरशीवर वाजली मात्र, आणि लगेच दुसरा दणका. मध्ये पुटपुटणं नाहीच.

दारात पोचल्या तर खुर्ची सरकल्याचा आवाज आणि मामांचं घसा खाकरणं.

"काय करताय?"

"काही नाही. धूळ पुसत होतो."

सुट्टी संपली. मामी आपल्या जागी बसल्या, टेबलावरचं बोलक्याचं बटण दाबलं. बोलक्या गप्प. पुन्हा दाबलं. गप्पच. तेवढ्यात पलीकडून दाढीवाल्याचा आवाज आला, "अरे, हे काय? ठिपक्या उघडतच नाही!" ठोक्या दिवे लावून उभा, पण त्याला ठोकायला काही मिळेना. शाळेची पुस्तकं अर्ध्यावर लटकली.

साहेब धावत आले. शांतपणे बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या बुटांतूनही राग वाजत होता. "सकाळी चालत होतं ना? मग कुणी हात लावला?"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," मामा म्हणाले. "परकी गाठोडी आत आली की असंच होतं."

"साहेब, मी बोटसुद्धा लावलं नाही," दाढीवाला म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू पार पुसलं गेलं होतं. "माझ्याकडे पासवर्डच नाही, मी काय करणार?"

"खांद्यावरून बघितला असशील," मामा म्हणाले.

"मामा!"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मामा, उद्या सकाळी मला सांगा, याने केलंय की नाही. तुम्ही हो म्हणालात तर याने सामान उचलायचं. तुमच्या शब्दावर सोडतो."

पार्टिशनच्या अलीकडे मामींची बोटं पानावरच होती, पण त्या वाचत नव्हत्या. धूळ पुसताना कुणी पासवर्ड टाकतं का?

संध्याकाळी मामांनी फाटकाचं कुलूप रोजच्यासारखं ओढून बघितलं आणि त्यांच्या कोपराला धरून मामी घरी निघाल्या. रोज ते कोपर सैल असे. आज लाकडासारखं ताठ होतं. आणि मामा बोलत होते. रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी, कठड्याच्या नव्या रंगाविषयी, बेकरीवाल्याच्या मापाविषयी. जो माणूस चालताना हूं की चूं करत नाही, तो आज थांबेना. मामींच्या मनात एक शंका शिरली आणि ती काही केल्या निघेना. याने मुद्दाम केलं असेल का? एक हसरा आवाज छापखान्यातून जावा म्हणून? इतकी वर्षं ज्या हाताला धरून चाललो, तो हात असा आहे?

जेवताना त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं.

"अहो, धूळ पुसताना एंटर कशाला दाबलंत?"

"कसलं एंटर? तुला काय कळतंय एंटर कुठलं आणि काय ते?"

ताटाच्या कडेवर मामींनी नखाने ती चाल वाजवून दाखवली. चाचपडणं, थबकणं, पळणं, दणका. मामांनी झडप घालून त्यांचा हात धरला.

"अगं हळू! कुणी ऐकेल!"

"कोण ऐकणार? जावयाचं मांजर?"

मामा हात सोडून म्हणाले, "बोलक्याला काढला मी. फक्त त्याला. ठिपक्याला मी कशाला हात लावीन? माझ्या हाताने बांधलाय तो. ठिपक्या त्या दाढीवाल्यानेच बिघडवला, बोलक्याच्या आडून काहीतरी सोडून ठेवलं असणार त्याने."

"बरं. मग पुटपुटला का नाहीत?"

"काय?"

"दोन दणक्यांच्या मध्ये तुम्ही नेहमी पुटपुटता. आज पुटपुटलात नाही. यंत्राने काय विचारलं होतं?"

मामांचा घास हातातच राहिला. "तुझी काठी वाजली," ते म्हणाले. "तू आत येशील म्हणून..."

"न वाचता हो म्हणालात?"

मामांनी ताटाकडे बघत सांगून टाकलं. "एखाद्याला काढायला गेलं की यंत्र सांगतं, याच्यासाठी आलेले हे हे आता कुणाला लागत नाहीत, यांनाही काढू का? तेवढंच विचारलं असणार. त्यात काय घाबरायचं? यंत्राला बरोबर माहीत असतं कोण कुणाच्या आधारावर उभं आहे. ज्याचा कुणाला आधार आहे, त्याला ते काढत नाही. पॅकेज आत येताना स्वतःच सांगतं ना, मला कोण कोण लागतं ते. ते सगळं यंत्राच्या लक्षात..."

वाक्य तिथेच तुटलं. ठिपक्या पॅकेज म्हणून आलाच नव्हता. तो मुख्य दारातून आला नव्हता, त्याला मामांनी स्वतः बांधून मागच्या दाराने आत घेतलं होतं. त्याला काय काय लागतं हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्षराचे कोणते ठिपके हे ठरवणाऱ्या तक्त्यांचं एक पॅकेज होतं, त्याला लायब्ररी म्हणत. फार पूर्वी ती जुन्या आवाजाच्या लटांबरातून आली, नंतर बोलक्याच्या नावावर राहिली, आणि ठिपक्याही गुपचूप तिच्याच जोरावर उभा होता. यंत्राच्या लेखी मात्र बोलक्या गेल्यावर तिचं कुणीच उरलं नव्हतं.

मामा यातलं काही बोलले नाहीत. उठले, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पण त्यांच्या श्वासावरून मामींना कळलं की त्यांना जे कळायचं ते कळलंय.

ताटं उचलता उचलता त्या त्यांच्या पाठीला म्हणाल्या, "येणाऱ्या प्रत्येकाला विचारता, सोबत कोण कोण. त्या पोराने सांगितलं, आई. आता तो गेला तर सोबत कोण जाईल, हे कुणी विचारायचं?"



सकाळी मामींना जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण गार होतं. इतक्या वर्षांत मामा त्यांना सोडून कधी पुढे गेले नव्हते. मामी उठून बसल्या आणि कालची शंका दुप्पट होऊन त्यांच्या उरावर बसली. हे लवकर गेले, म्हणजे काल जे काही काढलं गेलं ते कुणाला न कळता परत बसवायला गेले. ठिपक्या चालू होईल, पुस्तकं निघतील, साहेब पाठ थोपटतील आणि म्हणतील, बिघाड दाढीवाल्याचा, दुरुस्ती मामांची. कुणाला पत्ताही लागायचा नाही. एकीला सोडून. आणि त्या एकीने काय करायचं? सगळ्यांच्या देखत नवऱ्याला खोटं पाडायचं?

त्या एकट्याच निघाल्या. काठीने कठडा चाचपत, बेकरीच्या भट्टीची ऊब गालाला लागली की डावीकडे वळत. छापखान्यात पोचून कुणालाही हाक न मारता आपल्या खुर्चीत बसल्या आणि पार्टिशनकडे कान लावला.

"बस इथं," मामांचा आवाज.

"कशाला, मामा? मी सामान न्यायला आलोय. आईला अजून काही बोललो नाही," दाढीवाला.

"बस म्हणतो ना! काय येतंय ते वाच. मोठ्याने वाच."

"तक्त्यांची लायब्ररी." तो थांबला. "मामा, ही गेलीच कशी?"

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. एकटीच येतेय."

"नीट बघ."

"एकटीच आहे, मामा."

"मग टाक पासवर्ड."

"माझ्याकडे कुठं आहे?"

मामांची खुर्ची त्याच्याजवळ सरकली. मग कुजबुज, अगदी थोडी, शब्द न कळणारी. आणि मग बटणं वाजली. बटणं तीच असावीत, पण चाल निराळी होती. दहा बोटांची, पावसाच्या सरीसारखी एकदम येऊन थांबणारी. मामींनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"आता यंत्राला सांगून ठेव," मामा म्हणाले, "ही लायब्ररी आपण स्वतः मागितलेली आहे. कुणाच्या मागून आलेली नाही. म्हणजे पुन्हा कुणी उपरी समजून काढणार नाही. आणि बोलक्यालाही घे परत. त्याच्या लटांबरावर मात्र लक्ष ठेव. तो मला अजून बरा वाटत नाही."

ठोक्याने एक आळस दिल्यासारखा आवाज केला आणि ठोकायला सुरुवात केली.

तेवढ्यात साहेबांचे बूट आले. "चालू झालं? वा! मग मामा, सापडला का करणारा?"

"सापडला."

 या माणसाला हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखाच वेळ लागतो, हे मामींना ठाऊक होतं.

"मी," मामा म्हणाले. "बोलक्याला मी काढला, चोरून. सोबत काय जातंय ते वाचलं नाही. याचा काही संबंध नाही."

"आणि काल याच्या तोंडावर तुम्ही..."

"हो. तेही मीच."

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. "मग आता तुमचं काय करायचं, मामा?"

"काढायचं तर काढा. पण हो म्हणण्याआधी वाचून बघा, माझ्यासोबत कोण कोण जाईल ते."

"मी नाही जाणार हां!" पार्टिशनपलीकडून मामी ओरडल्या. "माझी पानं राहिलीत!"

दाढीवाल्याला हसू आवरेना. साहेबही हसले असावेत, कारण त्यांचा आवाज निवळला. "आज घरी जा, मामा. मी बोलावेन तेव्हा या. तोवर हे सगळं हा बघेल."

मामांनी काही मागितलं नाही, माफीसुद्धा नाही. डब्याची पिशवी उचलली. पार्टिशनच्या दारात क्षणभर थांबले, मामींना कळलं. मग पावलं कागदाच्या खोलीतून पायऱ्यांकडे गेली.

दाढीवाला येऊन वाचनाच्या खोलीच्या खिडकीत उभा राहिला. मामींनी नवं पान पुढ्यात ओढलं, पण त्यावर बोटं ठेवली नाहीत.

"गेले का?"

"फाटकापाशी आहेत."

"कुलूप ओढून बघतायत?"

"हो." तो जरा थांबला. "मामी, पण फाटक उघडं आहे. ते नुसत्या लटकत्या कुलपाला ओढतायत."

"ओढू दे. आता?"

"आता निघाले. थोडं चालतात, थांबतात, मागे वळून बघतात."

"कुणाकडे?"

"माझ्याकडेच बघतायत."

"मग नीट उभा राहा," मामी म्हणाल्या. "आणि शीळ घालू नकोस."

बेकरीच्या कोपऱ्यावर ती डब्याची पिशवी दिसेनाशी होईपर्यंत दाढीवाला हात बाजूला घट्ट धरून सरळ उभा होता.